जॉन एलियट आणि नॅटिकची मंडळी

इ. स. १८१३ च्या फेब्रुवारी महिन्यांत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरांत उतरले, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. ज्या बोर्डानें त्यांस पाठविलें त्याचें ठाणें बॉस्टन शहरीं होतें. त्याच बोर्डानें १८१८ सालीं आपल्या स्वतःच्या देशांत, मिसिसिपी राज्यांतील चॉक्टॉ लोकांमध्यें, एक मिशन स्थापिलें आणि त्या ठिकाणास एलियट असें नांव दिलें. हें नांव ज्यांचें, त्या जॉन एलियट ह्यांस मरून तेव्हां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं होतीं. अशा दीर्घकाळ स्मरणांत राहिलेल्या पाळकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

एलियट ह्यांचें चरित्र पूर्वीं पुष्कळदां लिहिलें गेलें आहे. त्यांच्या मृत्यूस वर्ष लोटतें न लोटतें तोंच, १६९१ सालीं, बॉस्टनचे पाळक कॉटन मेदर ह्यांनीं तें लिहून छापिलें, आणि पुढील बहुतेक चरित्रकार त्याच वाटेनें गेले. त्या चरित्रांत एलियट एकटे उभे असतात, आणि भोंवतालचे तद्देशीय लोक म्हणजे केवळ एक जमाव. अलीकडच्या पन्नास वर्षांत मात्र इतिहासकारांनीं जुनीं दफ्तरें, खतपत्रें व न्यायालयांचे कागद पुन्हा उलगडून त्या जमावांतील माणसांचीं नांवें शोधून काढिलीं आहेत. तीं नांवें घेतल्यावांचून हें चरित्र आतां सांगतां येत नाहीं. तीं घेतल्यानें एलियट ह्यांची योग्यता उणी होत नाहीं असें आमचें मत आहे. मात्र त्यांच्या चुका अधिक स्पष्ट दिसतात, हेंहि खरें.

एलियट ह्यांचा जन्म १६०४ सालीं इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांतील विडफर्ड ह्या गांवीं झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजांतून ते १६२२ सालीं पदवीधर झाले, आणि पुढें थॉमस हूकर ह्या प्युरिटन उपदेशकाच्या लहानशा शाळेंत त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. त्या घरांत राहत असतां आपल्या अंतःकरणाचा पालट झाला असें ते पुढें सांगत. प्युरिटन म्हणजे राजमान्य मंडळींतील विधिसंस्कार टाकून शास्त्राप्रमाणें शुद्ध उपासना करूं इच्छिणारे लोक. त्यांचा छळ वाढला, तेव्हां हजारों माणसें समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यास गेलीं. एलियट १६३१ च्या नोव्हेंबरांत ‘लायन’ नांवाच्या जहाजानें बॉस्टनास पोहोंचले. पुढच्याच वर्षीं ते शेजारच्या रॉक्सबरी गांवच्या मंडळीचे शिक्षक झाले, त्याच वर्षीं हॅना ह्या आपल्या वाग्दत्त वधूशीं त्यांनीं विवाह केला, आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारें ५८ वर्षें, ती मंडळी त्यांनीं सोडिली नाहीं. १६४० सालीं स्तोत्रांचें जें छंदोबद्ध पुस्तक तेथें छापिलें गेलें, त्यांतील स्तोत्रें रचणाऱ्यांत ते एक होते. इंग्रजांच्या त्या वसाहतींत छापून निघालेलें हें पहिलें पुस्तक होय.

ते स्वभावानें सौम्य होते. परंतु सर्व प्रसंगीं नव्हे. १६३७ सालीं अ‍ॅन हचिन्सन नांवाची एक बुद्धिमान बाई आपल्या घरीं स्त्रीपुरुषांस जमवून उपदेशांचें विवेचन करिते म्हणून तिची चौकशी झाली, आणि तिला वसाहतींतून घालवून दिलें. त्या चौकशींत एलियट तिच्या विरुद्ध बाजूस होते. जुने चरित्रकार हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. आम्हीहि पुढें जातों, पण तो गाळून नव्हे.

इंग्रज ज्या भूमीवर उतरले ती ओसाड नव्हती, ओसाड झालेली होती. १६१६ पासून १६१९ पर्यंत एका भयंकर सांथीनें त्या किनाऱ्यावरील गांवेंच्या गांवें नाहींशीं केलीं, आणि १६३३ सालीं देवीची सांथ आली. जी शेतें इंग्रजांस मोकळीं दिसलीं त्यांचे धनी मातीखालीं होते. वसाहतीस १६२९ सालीं जी मुद्रा मिळाली तिच्यावर एक तद्देशीय पुरुष काढिला होता, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत मासेदोनियाचा मनुष्य पौलास साहाय्यासाठीं ज्या शब्दांनीं बोलावितो ते शब्द त्याच्या तोंडीं घातले होते. मुद्रा झाली; परंतु पंधरा वर्षें उलटून गेलीं तरी बॉस्टनकडील कोणी पाळक त्या हाकेस धांवला नाहीं. मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावर मात्र तरुण थॉमस मेह्यू ह्यांनीं काम आरंभिलें होतें, आणि तेथें हायकूम्स नांवाचे तद्देशीय गृहस्थ १६४३ च्या सुमारास विश्वासी झाले होते.

एलियट ह्यांस प्रथम भाषा हवी होती, आणि ती त्यांस एका कैद्यानें दिली. १६३७ सालीं इंग्रजांनीं पीक्वट लोकांशीं युद्ध केलें, त्यांच्या एका तटबंदी गांवास आग लाविली, आणि शेंकडों माणसें, बायका व मुलें त्यांत जळून मेलीं. जे जिवंत सांपडले त्यांतील पुष्कळ इंग्रजांच्या घरीं चाकरीस वांटून दिले गेले. त्यांतच लाँग आयलंड बेटावरचा कॉकेनो नांवाचा एक तरुण होता. तो डॉर्चेस्टर गांवीं एका व्यापाऱ्याकडे असतां इंग्रजी बोलावयास शिकला होता. त्याची जीभ स्पष्ट व बुद्धि तल्लख. एलियट ह्यांनीं त्याला जवळ बसवून दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना व शास्त्रांतील कांहीं वचनें त्याच्या भाषेंत उतरविलीं. क्रियापदाचीं रूपें कशीं फिरतात, नामास प्रत्यय कोठें लागतो, हें सारें त्याच्या तोंडून ऐकून त्यांनीं लिहून काढिलें. पुढें कॉकेनो आपल्या बेटावर परत गेला, आणि तेथील जमिनींच्या खतपत्रांवर दुभाष्या म्हणून त्याची निशाणी अनेक वर्षें दिसते. त्याच्या मागून जॉब नेसुटन हे मॅसॅच्युसेट जातीचे विद्वान गृहस्थ एलियट ह्यांचे साहाय्यक झाले. मिशनरी साहेबांच्या ग्रंथामागें पंडिताची बैठक असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१६४६ च्या सप्टेंबरांत एलियट ह्यांनीं पहिला उपदेश केला, तो फसला. ऐकणारे कंटाळले, थट्टा करूं लागले. परंतु ते खचले नाहींत, आणि २८ ऑक्टोबर रोजीं नोनॅन्टम येथें वाबन नांवाच्या पुढाऱ्याच्या झोपडींत ते पुन्हा उभे राहिले. त्यांनीं यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायांतील शुष्क अस्थींचा विषय घेतला. त्या अध्यायांत वाऱ्यास संदेश सांगण्याची आज्ञा आहे, आणि त्या लोकांच्या भाषेंत वाबन ह्या नांवाचा अर्थ वारा असाच होतो. त्यामुळें ऐकणाऱ्यांस तो संदेश जणूं नांव घेऊनच आला. उपदेश तासाहून अधिक चालला, मग प्रश्नोत्तरें झालीं, आणि शेवटीं मुलांस सफरचंदें व पुरुषांस तंबाखू वांटिली. ह्या तंबाखूविषयीं आजचे पाळक काय म्हणतील तें म्हणोत.

त्या दिवशीं व पुढील भेटींत लोकांनीं जे प्रश्न विचारिले ते कागदावर उतरले आहेत, आणि सर्व चरित्रांत आम्हांस तोच भाग मोलाचा वाटतो. इंग्रजी येत नसणाऱ्याची प्रार्थना देवाला कळते काय, असें एकानें विचारिलें. एवढा म्हातारा झाल्यावर पश्चात्ताप केला तर उशीर झाला नाहीं ना, असें एका वृद्धानें विचारिलें. बाप वाईट व मुलगा चांगला असला तर देव मुलावर रागावेल काय? सर्व जग एकदां बुडालें तर एवढीं माणसें पुन्हा कोठून आलीं? नवरा मोठ्यानें प्रार्थना करीत असतां बायको गप्प राहून मनांत त्याच्याबरोबर चालली तर ती तिचीहि प्रार्थना होते काय, असें एका स्त्रीनें विचारिलें. आणि पुढें एकदां एका म्हाताऱ्या वैदूनें विचारिलें कीं, इंग्रजांस ह्या देशांत येऊन सत्तावीस वर्षें झालीं, तर हें सर्व इतके दिवस त्यांनीं आम्हांस कां सांगितलें नाहीं? ह्या प्रश्नास एलियट ह्यांच्यापाशीं कबुलीवांचून उत्तर नव्हतें. इंग्रजांनीं अपराध केला, त्याचा आम्हांस पश्चात्ताप होतो, असें त्यांनीं सांगितलें.

विश्वासणाऱ्यांसाठीं नियम झाले. दारू, आळस, बायकोस मारणें ह्यांस बंदी झाली, आणि आमच्या मतें ती योग्यच होती. परंतु पुरुषानें लांब केंस राखले तर पांच शिलिंग दंड, बाईनें मोकळे सोडले तर पांच शिलिंग दंड, हेहि नियम त्यांतच होते. सुधारणेवांचून शुभवर्तमान टिकणार नाहीं असें एलियट मानीत, आणि सुधारणा म्हणजे इंग्रजी चाल. शेंडी कापण्यावरून आमच्याकडील घराघरांत काय काय झालें हें ज्यांनीं वडिलांकडून ऐकलें आहे, त्यांस केंसांचा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं. तिकडे त्या लोकांचे सरदार, ज्यांस ते सॅकम म्हणत, वेगळ्याच कारणानें चिडले होते. प्रार्थना करूं लागलेले लोक पूर्वींइतकी खंडणी देईनात. त्यांचे भगत व वैदूहि मागें पडले.

१६४९ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें ह्या कामासाठीं एक संस्था कायद्यानें स्थापिली, व तिच्या द्रव्यानें पुढील बराच खर्च चालला. १६५१ सालीं चार्ल्स नदीच्या कांठीं, बॉस्टनपासून सुमारें १८ मैलांवर, नॅटिक नांवाचें गांव वसलें. लोकांनीं स्वतःच्या हातांनीं नदीवर ८० फूट लांबीचा लांकडी पूल बांधिला, सभागृह उभारिलें, फळझाडें लाविलीं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायांत मोश्याला त्याच्या सासऱ्यानें जी सल्ला दिली ती धरून दहांवर, पन्नासांवर व शंभरांवर अधिकारी निवडले गेले. अशाच धर्तीवर सर्व जगाचें राज्य चालावें असें एक पुस्तकहि एलियट ह्यांनीं लिहिलें. १६५९ सालीं तें लंडनास छापून निघालें, आणि लगेच इंग्लंडांत राजा गादीवर परत आला; तेव्हां घाबरलेल्या वसाहत सरकारनें १६६१ सालीं तें पुस्तक बंद केलें, व एलियट ह्यांस त्यांतील मतें जाहीरपणें परत घ्यावीं लागलीं.

नॅटिकच्या लोकांनीं मंडळी म्हणून स्थापना मागितली, तेव्हां १६५२ सालीं शेजारच्या पाळकांसमोर त्यांच्या साक्षी झाल्या. पाळकांनीं अजून नाहीं असें ठरविलें. पुन्हा परीक्षा झाली, पुन्हा लांबणीवर पडलें. शेवटीं १६६० सालीं मंडळी स्थापन झाली आणि ते प्रभुभोजनास बसले. साक्ष देऊन आठ वर्षें वाट पाहावयास लागणें म्हणजे काय हें खेडेगांवच्या उपदेशकांस ठाऊक असेल.

आतां शास्त्राच्या भाषांतराविषयीं. १६५४ सालीं प्रश्नोत्तरावली निघाली, १६६१ सालीं नवा करार, आणि १६६३ सालीं संपूर्ण शास्त्र. अमेरिका खंडांत कोणत्याहि भाषेंत छापलेलें हें पहिलें बायबल. इंग्रजी बायबल तेथें छापून निघावयास आणखी शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. छापखाना बॉस्टनजवळच्या केंब्रिज गांवीं, हार्वर्ड कॉलेजाच्या आवारांत होता, आणि त्याचे चालक सॅम्युएल ग्रीन हे होते. लंडनहून मार्मड्यूक जॉन्सन हा कसबी मुद्रक मुद्दाम आणविला होता. परंतु ह्या दोघांसहि त्या भाषेचें अक्षर कळत नसे. हॅसॅनामेसिट गांवचा, निपमक जातीचा, वोवाउस नांवाचा एक मुलगा १६५९ सालीं ग्रीन ह्यांच्याकडे उमेदवार म्हणून लागला होता. तोच पुढें जेम्स प्रिंटर म्हणून प्रसिद्ध झाला. खिळे जुळविणें व छापील ताव शुद्ध करणें हीं कामें त्याच्यावांचून होत नसत, असें स्वतः एलियट ह्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. भाषांतर नेसुटन ह्यांच्या साहाय्यानें झालें, जुळणी जेम्सच्या हातांनीं झाली. मुखपृष्ठावर मात्र ह्या दोघांचीं नांवें नाहींत.

त्याच आवारांत १६५५ च्या सुमारास तद्देशीय विद्यार्थ्यांसाठीं एक विटांची इमारत उठली होती. तेथें राहिलेले विद्यार्थी थोडे, आणि त्यांतून जगले त्याहून थोडे. मार्थाज व्हिनयार्डचे केलेब चीशाटोमक हे १६६५ सालीं हार्वर्डचे पदवीधर झाले व वर्षभरांत क्षयानें वारले. वर सांगितलेल्या हायकूम्स ह्यांचे पुत्र जोएल हे त्यांचेच सोबती; पदवीदानाच्या थोडें आधीं घरून परत येत असतां त्यांचें जहाज नॅनटकेट बेटाजवळ फुटलें आणि ते प्राणास मुकले. हार्वर्डनें त्यांस पदवी दिली, पण ती २०११ सालीं. त्याच सालीं जेराल्डिन ब्रुक्स ह्या लेखिकेनें केलेबवर एक कादंबरी प्रसिद्ध केली, व त्यामुळें हें नांव घरोघर गेलें. कादंबरी चांगली आहे. परंतु ती एका कल्पित इंग्रज मुलीच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळें केलेबचें मन आपणांस दुरूनच दिसतें. खऱ्या केलेबचें म्हणून एक लॅटिन पत्र काय तें उरलें आहे.

एलियट ह्यांच्या राहणीविषयीं एक गोष्ट सांगतात. वसाहतीच्या खजिनदारानें त्यांचा पगार रुमालांत बांधून दिला, आणि हे वाटेंतच वांटून टाकतील म्हणून गांठीवर गांठ मारिली. वाटेंत एक गरीब आजारी कुटुंब होतें. एलियट ह्यांनीं गांठी सोडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, त्या सुटेनात, तेव्हां प्रभूची इच्छा सर्वच देण्याची दिसते असें म्हणून रुमालासकट पैसे त्या बाईच्या हातीं ठेविले.

१६७४ सालीं अशीं प्रार्थनेचीं गांवें चौदा होतीं, व त्यांत सुमारें १,१०० माणसें होतीं. ही गणती डॅनिएल गूकिन ह्या अधिकाऱ्याची. त्याच्याकडे ह्या गांवांची देखरेख होती. पुढच्याच वर्षीं सर्व मोडलें.

वॅम्पनोग लोकांचा सॅकम मेटाकॉम, ज्यास इंग्रज राजा फिलिप म्हणत, जमिनीवरून व अपमानांवरून इंग्रजांशीं चिडलेला होता. जॉन सॅसमन हे एलियट ह्यांचे जुने शिष्य. नॅटिकास शाळामास्तर होते, कांहीं काळ मेटाकॉमचे लेखक होते, आणि पुढें उपदेशक झाले. युद्धाची तयारी चालली आहे असें त्यांनीं प्लिमथच्या गव्हर्नरास कळविलें, आणि १६७५ च्या आरंभीं त्यांचें प्रेत एका तळ्याच्या बर्फाखालीं सांपडलें. त्या खुनाबद्दल जूनमध्यें तिघां वॅम्पनोगांस फांशीची शिक्षा झाली. त्याच महिन्यांत युद्ध पेटलें. जॉब नेसुटन इंग्रजांच्या बाजूनें लढावयास गेले आणि जुलै महिन्यांत मारले गेले.

प्रार्थना करणाऱ्यांची स्थिति आतां अशी झाली कीं, जातभाई त्यांस इंग्रजांचे हेर म्हणत आणि इंग्रज त्यांस शत्रूचे हेर म्हणत. ऑगस्टच्या शेवटीं मोझली नांवाच्या कप्तानानें कांहीं विश्वासी पुरुषांस, त्यांत जेम्स प्रिंटर होते, गळ्यास दोर बांधून एका माळेंत बॉस्टनपर्यंत चालवीत नेलें. त्यांच्यावर खुनाचा आरोप होता. एलियट व गूकिन त्यांच्यासाठीं न्यायालयांत उभे राहिले. एके रात्रीं तुरुंग फोडूं पाहणारा जमाव दुसऱ्या एका कप्तानानें काठीनें पिटाळून लाविला. बहुतेक कैदी निर्दोष ठरले. परंतु लोकांचा राग गेला नाहीं. एलियट व गूकिन हीं नांवें बॉस्टनच्या रस्त्यांत शिवीसारखीं झालीं.

त्याच ऑगस्टांत एलियट ह्यांनीं गव्हर्नर व कौन्सिल ह्यांस एक अर्ज केला. शरण आलेल्या व पकडलेल्या लोकांस जहाजांत घालून परमुलखीं गुलाम म्हणून विकण्याचें चाललें होतें. हें मरणाहून वाईट आहे, ह्यानें युद्ध लांबेल, आणि ज्या आत्म्यांसाठीं ख्रिस्तानें मोल भरलें त्यांस पैशासाठीं विकणें हा धोक्याचा सौदा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. कौन्सिलानें तो मानिला नाहीं. युद्ध संपेपर्यंत शेंकडों माणसें विकलीं गेलीं. मेटाकॉमची बायको व नऊ वर्षांचा मुलगाहि.

ऑक्टोबरच्या ३० तारखेस घोडेस्वार नॅटिकास आले. सुमारें दोनशें माणसें, म्हातारे, आजारी, तान्हीं मुलें, जें हातीं लागेल तें घेऊन निघालीं. पिकलेला मका मागें राहिला. चार्ल्स नदीच्या कांठीं पाइन्स नांवाच्या जागीं एलियट त्यांची वाट पाहत होते. त्यांचें वय तेव्हां ७१ वर्षांचें. अंधारांत त्यांनीं त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, त्यांस धीर दिला. आणि मध्यरात्रीं भरती येतांच तीन गलबतांत भरून त्या मंडळीस बॉस्टनच्या बंदरांतील डीअर बेटावर नेऊन सोडिलें. त्यांस थांबविण्याची सत्ता एलियट ह्यांच्यापाशीं नव्हती, आणि नॅटिकांत घरें बांधा, तेथें सुरक्षित असाल, असें ज्यांनीं त्यांस सांगितलें होतें ते तर तेच.

बेट उघडें, वारा समुद्राचा, दिवस हिंवाळ्याचे. दुसऱ्या गांवांतील लोकहि तेथें आणिले गेले, व संख्या पांचशेंपर्यंत गेली. बेट एका इंग्रजाकडे खंडानें होतें, म्हणून तेथील झाडें तोडावयाचीं नाहींत व मेंढरांस हात लावावयाचा नाहीं असा हुकूम होता. खाण्यास मुख्यतः किनाऱ्यावरचे शिंपले. पुष्कळ माणसें थंडीनें व उपासानें मेलीं. एलियट व गूकिन तेथें जाऊन त्यांस भेटत. एकदां जातांना एका मोठ्या होडीनें त्यांच्या होडीस धडक दिली व वृद्ध एलियट बुडतां बुडतां वांचले. ते बुडालेच असते तर बरें झालें असतें, असें बोलणारा इंग्रजहि किनाऱ्यावर होता. त्याच बेटावरून जेम्स क्वानापोहिट व जॉब कॅटेनानिट हे दोघे हेर म्हणून भर हिंवाळ्यांत शत्रूच्या छावणींत गेले, आणि लँकेस्टर गांवावर हल्ला होणार ही बातमी त्यांनीं आणिली. वेळेवर कोणी हालचाल केली नाहीं. १० फेब्रुवारी १६७६ रोजीं लँकेस्टर जळालें.

जेम्स प्रिंटर बेटावर नव्हते. नोव्हेंबरांत निपमक योद्धे हॅसॅनामेसिटास आले व त्यांनीं तेथील लोकांपुढें निवड ठेविली: आमच्याबरोबर चला, नाहीं तर मका आम्ही नेतों, आणि मग इंग्रज तुम्हांस डीअर बेटावर नेतील. सुमारें दोनशें माणसें त्यांच्याबरोबर गेलीं. लँकेस्टरच्या पाळकांची पत्नी मेरी रोलंडसन कैदेंत होती. तिच्या सुटकेच्या बोलण्यांत पत्रें लिहिणाऱ्यांत जेम्स होते. १६७६ च्या उन्हाळ्यांत माफीचा जाहीरनामा निघाला तेव्हां ते परत आले आणि पुन्हा छापखान्यांत बसले. १६८२ सालीं त्या बाईनें आपल्या कैदेची हकीकत प्रसिद्ध केली, तिचे खिळे जेम्स ह्यांनींच जुळविले असें मानितात. त्या पुस्तकांत त्यांच्या लोकांविषयीं बरें फार थोडें आहे.

युद्धानंतर चौदा गांवांचीं चार राहिलीं. बायबलाच्या बहुतेक प्रती जळाल्या वा हरवल्या. एलियट पंचाहत्तरीच्या पुढें गेलेले. तरी त्यांनीं दुसऱ्या आवृत्तीचें काम हातीं घेतलें, आणि जेम्स ह्यांच्या हातांनीं ती १६८५ सालीं पुरी झाली. पत्नी १६८७ सालीं गेली; थोरला मुलगा जॉन, जो ह्याच कामांत होता, तो १६६८ सालींच गेला होता. चालवेना तेव्हां एलियट ह्यांनीं शेजारच्या इंग्रजांस विनंती केली कीं, तुमच्याकडील आफ्रिकन गुलाम आठवड्यांतून एकदां माझ्याकडे शिकावयास पाठवा. एका आंधळ्या मुलास घरीं ठेवून ते शास्त्राचे अध्याय पाठ करवीत. १६९० च्या मे महिन्यांत, ८६ व्या वर्षीं, ते प्रभूमध्यें निजले. नॅटिकची मंडळी डॅनिएल टाकावाम्पबेट ह्या तद्देशीय पाळकांनीं १७१६ पर्यंत सांभाळिली, आणि वाबन ह्यांचा मुलगा थॉमस गांवचें दफ्तर आपल्याच भाषेंत लिहीत राहिला. जमीन मात्र पुढील शतकांत तुकड्या-तुकड्यांनीं इंग्रजांकडे गेली.

एलियट ह्यांच्या कामाविषयीं विद्वानांत मोठा वाद आहे. फ्रान्सिस जेनिंग्ज ह्यांनीं १९७५ सालीं असें मांडिलें कीं, हें मिशन म्हणजे जमिनी घेण्याचेंच एक साधन होतें. रिचर्ड कॉगली ह्यांनीं १९९९ सालीं तें बरेंचसें खोडून काढिलें. जिल लपोर ह्यांनीं १९९८ सालीं त्या युद्धावर, व लिसा ब्रुक्स ह्यांनीं २०१८ सालीं जेम्स प्रिंटर व त्यांच्या लोकांवर लिहिलें. ह्या दुसऱ्या लेखिका स्वतः तेथील अबेनाकी वंशाच्या आहेत. आमच्या मतें जेनिंग्ज ह्यांनीं वसाहतीचा दोष एका पाळकाच्या माथीं अधिक मारिला. पण वसाहतीस एलियट ह्यांची गांवें जोंवर सोयीचीं होतीं तोंवरच तीं तिनें राहूं दिलीं, हें त्यांचें म्हणणें खोडतां येत नाहीं. शिवाय आणखी एक गोष्ट विद्वानांनीं १९८८ सालीं एकत्र छापून दाखविली. लिहावयास शिकलेल्या त्या लोकांनीं आपल्या भाषेंत खतपत्रें, मृत्युपत्रें व अर्ज लिहिले, आणि बायबलाच्या समासांत आपलीं स्वतःचीं टिपणें लिहिलीं. कोणी देवापाशीं गाऱ्हाणें मांडितो, कोणी हें पुस्तक माझें आहे असें लिहितो.

एकोणिसाव्या शतकांत ती भाषा बोलणारें कोणी उरलें नाहीं. एलियट ह्यांचें बायबल मोठ्या ग्रंथालयांत जपून ठेविलेलें, वाचतां न येणारें पुस्तक झालें. १९९३ सालीं माशपी येथील वॅम्पनोग वंशाच्या जेसी लिट्ल डो बेअर्ड ह्यांनीं ती भाषा पुन्हा उभी करण्याचा उद्योग आरंभिला. त्या भाषाशास्त्र शिकावयास बॉस्टनजवळच्या केंब्रिजासच गेल्या, आणि १६६३ चें बायबल, जुनीं खतपत्रें व तीं समासांतलीं टिपणें समोर ठेवून त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं कोश तयार केला. पुढें त्यांच्या घरीं जन्मलेल्या मुलीस ती भाषा पाळण्यापासून ऐकावयास मिळाली, आणि माशपीस त्याच भाषेंत शिकविणारी लहान मुलांची शाळा निघाली. डीअर बेट आतां बेट राहिलें नाहीं. १९३८ च्या वादळानें मधली खाडी भरून तें किनाऱ्यास जोडलें गेलें, आणि तेथें शहराचें सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना आहे. ऑक्टोबरच्या शेवटीं नॅटिकच्या लोकांचे वंशज तेथें जमतात आणि प्रार्थना करितात.